दुसरी आजी आणि बुटकी भिंत

बाळांनो, डोळे मिटा असं सांगावंसं वाटलं होतं, पण मग तुम्ही वाचणार कसे? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही शाळेतून घरी आलात. दप्तर टाकलंत. स्वयंपाकघरात डोकावलात, तर तिथे तुमची आजी जमिनीवर बसून वाटाणे सोलते आहे. ठीक. आता बाहेरच्या खोलीत या. तिथे खिडकीपाशी तुमची आजी उभी आहे. तीच राखाडी शाल, तोच गोल चष्मा, तोच सैल अंबाडा. ती बाहेर बघत खोल आवाजात म्हणते आहे, "दगडालाही दुःख असतं."

आणि स्वयंपाकघरातली आजी आतून विचारते, "काय असतं म्हणाली गं ती?"

आता सांगा, तुम्ही कोणत्या आजीला ओ द्याल?

आपल्या शेंगेपुढे त्या आठवड्यात हाच प्रश्न होता. शेंग म्हणजे आजीच्या धाकट्या मुलाची मुलगी. अंगाने इतकी सडपातळ की शेंग हेच तिचं नाव पडलं. खिडकीतली आजी खरी नव्हती. ती नाटकात काम करणारी एक बाई होती आणि तिला माहितीपटाच्या दिग्दर्शकाने आणलं होतं.

माहितीपट आजीवर होता. गावाच्या मध्यभागी लढाईत गेलेल्यांचं जे स्मारक आहे, ते आजीने तरुणपणी घडवलं. काळ्या दगडाची लांबच लांब भिंत आणि तिच्यावर कोरलेली नावं. पण भिंत उंचीला जेमतेम मांडीपर्यंत. गावाने तिचं नाव बुटकी भिंत ठेवलं आणि भांडणाला सुरुवात केली. नावं वाचायची तर कमरेत वाकावं लागे. अर्धं गाव म्हणे, वाकणं म्हणजे मान देणं. अर्धं म्हणे, शूरांना पायापाशी ठेवलं, हा अपमान. उद्घाटनाला आलेले मुख्य पाहुणे पुष्पचक्र ठेवायला वाकले तेव्हा त्यांची विजार मागून उसवली, आणि त्या आवाजाने बँडसुद्धा थांबला. तेव्हापासून इतकी वर्षं सभा, मोर्चे, वर्तमानपत्रांतली पत्रं चालूच होती. आजीला कोणी विचारलं, की भिंत इतकी बुटकी का, तर ती म्हणे, "आधी बसा." विचारणारे घाईत असत. ते बसत नसत, आणि ती बोलत नसे.

दिग्दर्शकाचंही तेच झालं. त्याने आजीसमोर कॅमेऱ्याची तिपाई उभी केली, स्वतः तिपाईमागे उभा राहिला आणि तोच प्रश्न विचारला.

"आधी बसा," आजी म्हणाली.

त्याने सांगितलं, की त्याला उभं राहूनच सुचतं. आजीने मान हलवली आणि ओल्या मातीचा गोळा मळायला घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले. मोठ्या काकांना बाजूला घेऊन तो म्हणाला, की तुमच्या आई थोर आहेत, पण पडद्यावर त्या थोर कलावंत वाटतच नाहीत. भाजी आणायला निघालेल्या वाटतात.

काकांना हे पटलं. काकांना बऱ्याच दिवसांपासून हेच वाटत होतं.

मोठ्या काकांचं चष्म्यांचं दुकान. वाचायचा मजकूर डोळ्यांसमोर असला पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. त्यांच्या आईने मात्र गावातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर लोकांच्या गुडघ्यांसमोर नेऊन ठेवला होता. शाळेत मुलं त्यांना 'गुडघेवाला' म्हणत. मधल्या सुट्टीत कोणी तरी वाकून मागून टर्रकन आवाज काढी आणि सगळा वर्ग हसे. आता काकांचे केस पिकले होते, पण दुकानात एखादं गिऱ्हाईक खाली पडलेला रुमाल उचलायला वाकलं तरी काकांचे कान लाल होत.

म्हणून त्यांनी नगरपालिकेला एक उपाय सुचवला होता. भिंतीखाली चौथरा बांधायचा आणि सगळी भिंत उचलून डोळ्यांच्या उंचीला आणायची. नगरपालिका तयार होती. अट एकच, की कलावंताची संमती हवी. काकांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "आधी बस." काकांना दुकान उघडायची घाई होती.

दुसरी आजी आली ती अशी. काकांनी तिच्यासाठी स्वतः आजीसारखा चष्मा बनवला, नाकावर नीट बसवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि नकळत म्हणाले, "आई, बरा दिसतोय तुला."

तिथून गाडी घसरली म्हणा, की रुळावर आली म्हणा, तुम्हीच ठरवा.

घरात एक जुनं भांडण होतं. आजीची कामाची खोली पुढे कोणाला मिळणार? काकांना तिथे चष्म्यांच्या चौकटी ठेवायच्या होत्या. आत्याला तिथे रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचा होता. आत्या लोकांच्या पाठी आणि गुडघे बरे करी, आणि भिंतीमुळे तिच्याकडे कंबर धरून येणाऱ्यांची कमी नव्हती. शेंगेच्या बाबांची पावाची भट्टी. त्यांना खोली नको होती, पण जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं, त्यामुळे ते रोज पक्ष बदलत.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर हे भांडण पुन्हा पेटलं. दुसरी आजी शेजारी उभी राहून भूमिकेचा अभ्यास करत होती. वैतागून बाबा तिलाच म्हणाले, "तूच सांग आता."

तिने डोळे मिटले, शाल सावरली. "ती खोली रिकामी राहू दे," ती म्हणाली. "रिकामेपणालाही जागा लागते."

इतक्या वर्षांत आईने इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. बाबांनी पाव खाली ठेवला.

दारात आजी उभी होती, हात मातीने भरलेले. "रिकामी कुठे आहे?" ती म्हणाली. "मी काम करते की तिथे."

"आई, जरा थांब," काका हळूच म्हणाले. "आई बोलतेय."

आजीला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. तिने दुसऱ्या आजीकडे कौतुकाने पाहिलं. बाई छान बोलते, माझ्यापेक्षा हिचं जास्त ऐकतात, असं ती शेंगेला म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आत्या मात्र चिडली होती. सुरुवातीला ती एकटीच खऱ्या आजीच्या बाजूने होती. हा काय पोरखेळ आहे, परक्या बाईला डोक्यावर बसवलंय, असं तिने भावांना सुनावलं. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या आजीला तोंडावर सांगायलाच गेली, की आमच्या घरात नाक खुपसू नका. दुसरी आजी खिडकीपाशी उभी राहून संवाद पाठ करत होती. तिने वळून आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लहानपणी तुला फार एकटं वाटायचं का गं? मी सारखी दगडात असायचे ना?"

हा संवाद होता की खरा प्रश्न, हे आत्याला कळलं नाही. खरं सांगायचं तर बाईलाही कळलं नव्हतं. पण हा प्रश्न ऐकायची आत्या फार वर्षं वाट बघत होती, हे तिला तो ऐकल्यावर समजलं. ती त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. नंतर नाक पुसत तिने बाईची मान तपासली आणि मानेचे दोन व्यायाम शिकवले. संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या आजीच्या पक्षात गेली होती.

आता घरात खऱ्या आजीच्या पक्षात कोण उरलं? एकटी शेंग. आणि पक्ष म्हणजे काय असतं, ते तिला नीटसं माहीत नव्हतं. ती आजीच्या खोलीत जमिनीवर बसून मातीचे हत्ती करत असे, एवढंच.

तिथे बसूनच तिने खोलीच्या भिंतीपलीकडचं बोलणं ऐकलं. काका आणि दिग्दर्शक शेवटचं दृश्य ठरवत होते. उद्या सकाळी स्मारकापाशी दुसरी आजी भिंतीवर हात ठेवेल आणि म्हणेल, 'माझं चुकलं. उचला ही भिंत.' मग माहितीपट नगरपालिकेच्या सभेत दाखवायचा. संमती मिळाली असं सगळे समजतील, कोणी खोटंही बोललेलं नसेल आणि आईला त्रासही होणार नाही. दिग्दर्शकाने विचारलं, की आजी हरकत घेतील का? काका म्हणाले, की तिने आजवर कशालाच हरकत घेतली नाही, तो प्रश्नच नाही.

शेंग उठून उभी राहिली. "आजी, ते तुझी भिंत उचलणार आहेत. ती दुसरी आजी हो म्हणणार आहे. तू जाऊन सांग ना त्यांना—"

"आधी बस," आजी म्हणाली.

शेंग बसली. तिला बसायचा कंटाळा कधीच नव्हता. म्हणूनच जे कोणालाच कळलं नव्हतं, ते तिला कळलं.

आजीने सांगितलं, की तिला एक भाऊ होता. लढाईवर गेला. एके दिवशी दोन माणसं दारात आली, बुटांना चिखल. आजीची आई जमिनीवर बसून लोकर गुंडाळत होती. त्या माणसांना बघून तिला काय ते कळलं असावं, कारण तिला उठताच येईना. ती त्यांना म्हणाली, बसा. त्यांना पुढे आणखी घरं होती. त्यांनी उभ्यानेच कागद वाचला आणि ती माणसं निघून गेली.

"मग?" शेंगेने विचारलं.

"मग काही नाही. तिच्या डोक्यावरून गेलं सगळं. संध्याकाळी ती मला विचारायला लागली, की कोण आलं होतं, काय म्हणत होते. मी तिच्याजवळ खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि त्याचं नाव घेतलं. तेव्हा पोचलं."

आजीने मातीचा गोळा थापून सपाट केला. ही भिंत तिने उभं राहून बघायला केलीच नव्हती. जमिनीवर बसलं, की नावं बरोबर तोंडासमोर येतात. समोर फरशीही तिने मुद्दाम तासून गुळगुळीत घातली होती, बसणाऱ्याला टोचू नये म्हणून.

"मग कोणी बसत का नाही?"

"बागखात्याने पाटी लावली. 'येथे बसू नये.' फरशी मळते म्हणे." आजी हसली. "मग लोक वाकायला लागले. मग वाकण्यावरून भांडायला लागले. वाकलेलं मला कुठे कोण हवं होतं?"

"हे तू दिग्दर्शकाला का नाही सांगितलंस?"

"त्याला बसा म्हटलं की मी. बसला का तो?"

शेंगेला हे उत्तर बरोबरही वाटलं आणि फार चुकीचंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, बाळांनो. मोठेपणी तर सारखंच वाटतं.

सकाळी सगळं कुटुंब स्मारकापाशी जमलं. आभाळ ढगाळ होतं. उजेड वळवायला एक मोठा पांढरा फळा आणला होता, पण तो धरणारा माणूस तापाने घरी पडला होता. आजी मोकळीच होती. दिग्दर्शकाने फळा तिच्या हातात दिला आणि बजावलं, की अजिबात हलू नका, तुम्ही हललात की बाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड जाईल. आजी फळा धरून उभी राहिली. जिच्यावर माहितीपट होता ती बाई अशी माहितीपटाच्या बाहेर उभी राहून त्याला उजेड देत होती.

दुसऱ्या आजीने भिंतीवर हात ठेवला. "माझं..." तिने सुरुवात केली आणि ती थांबली.

तिने रंगभूमीवर राण्या केल्या होत्या, खुनी बायका केल्या होत्या, एकदा तर झाड केलं होतं. संवाद तिला कधी अडला नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'माझं' वर गाडी अडली. ती दिग्दर्शकाला म्हणाली, की ही बाई असं म्हणणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, कोणती बाई? ती म्हणाली, मी.

काकांना राहवेना. ते पुढे आले. त्यात न म्हणण्यासारखं काय आहे, असं म्हणत त्यांनी कॅमेऱ्याला समजावून दिलं, की सामान्य माणसाला इथे किती त्रास होतो. बघा, आपल्या मामाचं नाव वाचायचं तर मला असं वाकावं लागतं. असं म्हणून ते वाकले, आणि त्यांच्या कमरेत काही तरी कट्कन झालं. ते तसेच राहिले. ना वर, ना खाली.

"हलू नकोस," आत्या ओरडली आणि धावली. बाबाही धावले. आत्या म्हणाली, उजवीकडून धर. काका म्हणाले, हातच लावू नका. बाबांना दोघांचंही पटलं, म्हणून ते मध्येच हात पसरून उभे राहिले. दिग्दर्शक विचारत होता, हे माहितीपटात ठेवायचं का? बागेचा रखवालदार शिटी फुंकत होता, कारण गडबड दिसली की शिटी फुंकायची, हेच त्याचं काम होतं. आणि आजी फळा धरून उभी होती, कारण हलू नका असं तिला सांगितलेलं होतं.

या सगळ्यातून शेंग चालत गेली. 'येथे बसू नये' या पाटीच्या बरोबर खाली पोचली, आणि मांडी घालून बसली.

रखवालदाराने तिच्याकडे बघून शिटी वाजवली. शेंग उठली नाही. तिने दुसऱ्या आजीच्या शालीचं टोक ओढलं.

"आधी बस," ती म्हणाली.

दुसऱ्या आजीने तिच्याकडे पाहिलं. या कुटुंबात आल्यापासून ती सारखी उभीच होती. दिग्दर्शकाच्या मते थोर माणसं उभी असतात. ती हळूच खाली बसली आणि तिने समोर पाहिलं. तिच्या तोंडासमोर एक नाव होतं. एखादा माणूस समोर येऊन बसावा, तसं. तिने ते वाचलं, मग त्याच्या शेजारचं. नाटकातला आवाज न काढता वाचलं.

"कोणाचं वाचताय?" काकांनी वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

आत्याने तपासून सांगितलं, की वर यायचं तर अर्धा तास लागेल, खाली मात्र लगेच जाता येईल. तेव्हा आत्या आणि बाबांनी मिळून काकांना सावकाश खाली उतरवलं. काका भिंतीसमोर बसले. त्यांचा चष्मा कुठे तरी पडला होता. तो चाचपायला त्यांनी हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. मामाचं नाव त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतं. चष्म्याची गरजच नव्हती.

काकांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या आजीने उत्तर दिलं नाही. काकांनी तिला विचारलंच नव्हतं. मान वळवून ते फळ्याकडे बघत होते.

"बस म्हटलं होतं," फळ्यामागून आजी म्हणाली.

आत्या बसली. बाबा तर केव्हाच बसले होते. दिग्दर्शकाने तिपाईचे पाय आखूड केले, तरी कॅमेरा उंचच राहिला. तेव्हा त्याने तो काढून हातात घेतला, आणि नावं चित्रात घ्यायला दुसरा मार्गच नाही असं दिसल्यावर तोही खाली टेकला. कॅमेरा चालू होता. 'उचला ही भिंत' कोणी म्हणालं नाही. रखवालदाराने शिटी ओठांशी नेली, ही एवढी बसलेली माणसं पाहिली, पाटी पाहिली, आणि नक्की कोणाला उठवावं हे न सुचून शिटी खिशात टाकली.

सगळे बसले होते. एकटी आजी उभी होती. फळा धरून तिचे हात थरथरायला लागले होते, आणि तो उजेड भिंतीवरच्या नावांवर हलत होता.

मग शेंग उठली. ती आजीपाशी गेली आणि तिने तिच्या हातातून फळा काढून घेतला. दिग्दर्शक 'उजेड, उजेड' असं काही तरी म्हणाला, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. तो मोठा पांढरा फळा तिने ओढत भिंतीपाशी आणला, काकांच्या आणि दुसऱ्या आजीच्या मधल्या फरशीवर आडवा टाकला, वरून हात फिरवून झाडला, आजीचा हात धरून तिला त्यावर बसवलं, आणि काकांना जरा पलीकडे सरकवून स्वतःही त्यांच्यात बसली.